सुपात काय उरतं?

मागच्या वर्षी एका मासिकाचे वीसेक वर्षांपूर्वीचे अंक माझ्याकडे आले. कागदी नव्हेत, वेबपानांच्या रूपातले. काम सांगायला सोपं होतं: पानांवरचा मजकूर एचटीएमएलच्या जंजाळातून सोडवायचा आणि कोणत्याही संगणकावर उघडतील अशा साध्या मार्कडाउन फायलींत ठेवायचा. त्यासाठी तयार साधनं मिळतात, तीही फुकट. त्यातलं एक चालवलं आणि चहा येईपर्यंत सगळ्या फायली तयार झाल्या. पहिली उघडली. मथळ्याच्या जागी रोमन अक्षरं होती: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. खाली पानभर तसलाच मजकूर.

ज्यांनी कृतिदेववर टायपिंग केलं आहे त्यांना ही पाच अक्षरं ओळखू येतील. त्या फाँटात ‘ई’च्या कळीवर म आहे, ‘जे’वर र, ‘के’वर काना, कॅपिटल ‘बी’वर ठ आणि ‘एच’वर दीर्घ वेलांटी. म्हणजे शब्द होता ‘मराठी’. युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मराठी पानं अशीच बनत: आत रोमन अक्षरं, वर देवनागरीचा मुखवटा, आणि मुखवटा कोणता चढवायचा हे सांगणारा ‘फाँट’ नावाचा टॅग. कन्व्हर्टरच्या लेखी तो टॅग म्हणजे निव्वळ नटवेपणा. मार्कडाउनमध्ये फाँटला जागाच नाही, म्हणून त्याने तो गाळला. त्याच्या नियमांप्रमाणे काहीही चुकलं नव्हतं.

वेबपानाचं मार्कडाउन करणं हे किरकोळ, कारकुनी काम समजलं जातं. त्या मासिकाच्या फायली हाताळल्यावर माझं मत असं झालं की हे संपादकाचं काम आहे. सूप हातात घेतलं की दाणा कोणता आणि फोलपट कोणतं हे आधी ठरवावं लागतं, आणि वेबपानात ते पानागणिक बदलतं. गेल्या वीस वर्षांत या कामासाठी जी साधनं निघाली त्यांचा इतिहास म्हणजे हे ठरवायचं कोणी, याचाच इतिहास आहे.

आधी दोन्ही टोकं पाहू. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलच्या टॅगांची पहिली यादी मांडली तेव्हा तीत अठराच टॅग होते. शीर्षक, मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे. चित्रासाठी टॅग नव्हता. तो मार्क अँड्रीसन यांनी १९९३ मध्ये सुचवला. मग बाजार आला. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापले टॅग घुसवले. १९९७ च्या जानेवारीत आलेल्या ३.२ या आवृत्तीने फाँटचा टॅग अधिकृत केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ४.० ने ‘तो वापरू नका’ असं सांगितलं. तोवर पानं त्याच्यावर उभी राहिली होती. पानाची मांडणी करायला लोक तक्ते वापरत होते, एका रकान्यात बातम्या, दुसऱ्यात जाहिरात, मध्ये अदृश्य चित्राची पाचर. आज एचटीएमएलमध्ये शंभराहून जास्त टॅग आहेत, शिवाय सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वेगळं. एखाद्या बातमीच्या पानाचा सोर्स उघडून पाहा. चारशे शब्दांची बातमी शोधायला बराच वेळ खाली सरकावं लागतं.

दुसऱ्या टोकाला मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी ते २००४ मध्ये आणलं, सोबत त्याचं एचटीएमएल करून देणारा पर्ल भाषेतला छोटा प्रोग्रॅम. नावात कोटी आहे. मार्कअप म्हणजे खिळे जुळवणाऱ्यासाठी हस्तलिखितावर केलेल्या खुणा. त्याच्या उलट मार्कडाउन. पण खुणा काही त्यांनी शून्यातून काढल्या नव्हत्या. ईमेल साधा मजकूर म्हणून जायची त्या काळात लोक जोर द्यायच्या शब्दाला दोन्ही बाजूंनी तारा लावत, उतारा घेताना ओळीआधी बाण काढत, यादी करताना आडवी रेघ मारत. ग्रुबर यांनी या सवयींनाच नियमांत बसवलं. मथळ्यासाठी हॅश, ठळकसाठी दोन तारे, दुव्यासाठी चौकोनी कंस आणि त्यापुढे गोल कंस. फाइल नुसती वाचली तरी कळावी, ही अट. त्याच्या आसपास असे बरेच प्रयत्न झाले होते: डीन ॲलन यांचं टेक्स्टाइल, पायथनवाल्यांचं रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट, त्याआधीचं सेटेक्स्ट. टिकलं आणि पसरलं ते मार्कडाउन.

गंमत अशी की मार्कडाउनच्या खुणा मोजल्या तर त्या १९९१ च्या त्या यादीच्या फार पुढे जात नाहीत. मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे, आणि वर थोडा जोर, चित्र, उतारा. म्हणजे आजच्या पानाचं मार्कडाउन करणं हे त्याला पुन्हा तीसेक वर्षांपूर्वीच्या पोरवयात नेणं आहे. मधल्या काळात अंगावर चढलेलं सगळं उतरवायचं.

जायची वाट सोपी, परतीची अवघड. मार्कडाउनकडून एचटीएमएलकडे जाताना एका खुणेला एक टॅग ठरलेला. दोन तारे म्हणजे ‘स्ट्राँग’, संपलं. उलट येताना ‘स्ट्राँग’ही दोन तारे होतो आणि ‘बी’ही, आणि सीएसएसने ठळक केलेला ‘स्पॅन’ बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण ठळकपणा टॅगात नसून दुसऱ्याच फायलीत असतो. ज्यांना खूणच नाही असे टॅग आणखी वेगळे: अधोरेखन, वर-खाली चढवलेले आकडे, व्याख्यांच्या याद्या. ग्रुबर यांनी एक पळवाट मुद्दाम ठेवली होती. मार्कडाउनमध्ये जे बसत नाही ते तिथे थेट एचटीएमएलमध्येच लिहावं. त्यामुळे काटेकोर अर्थाने हे रूपांतर कधीच अशक्य नसतं; सगळं पान जसंच्या तसं ठेवलं तरी ते वैध मार्कडाउन असतं. प्रश्न फक्त किती ठेवायचं एवढाच.

परतीच्या वाटेवरचं पहिलं नावाजलेलं साधन आरन स्वार्ट्झने लिहिलं. मार्कडाउन घडवताना ग्रुबर यांच्याशी चर्चा करणारा हाच तो मुलगा. २००४ मध्ये मार्कडाउन आलं तेव्हा सतरा वर्षांचा. त्याचा ‘एचटीएमएल टू टेक्स्ट’ हा पायथनमधला प्रोग्रॅम वेबपान घेई आणि वाचता येईल असं मार्कडाउन देई. २०१३ च्या जानेवारीत तो गेला, प्रोग्रॅम इतरांनी सांभाळला आणि आजही वापरात आहे. त्याची रीत सरळ: पान वरून खाली वाचत जायचं, ओळखीचा टॅग आला की खूण टाकायची, अनोळखी आला की टॅग गाळून आतला मजकूर ठेवायचा. माझ्या पाच रोमन अक्षरांचं मूळ याच रीतीत होतं, पण शंभरात नव्याण्णव वेळा हीच रीत बरोबर असते हेही खरं.

पॅनडॉकने वेगळी वाट धरली. बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लन यांनी २००६ मध्ये ते हास्केल या भाषेत लिहिलं. एका रूपातून थेट दुसऱ्या रूपात न जाता ते मध्ये दस्तऐवजाचा एक सांगाडा बांधतं: हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. मग सांगाड्यावरून हवं ते रूप. त्यामुळे एका नव्या रूपासाठी एकच वाचक आणि एकच लेखक लिहावा लागतो, प्रत्येक जोडीसाठी वेगळा नाही. पॅनडॉकचा स्वभाव स्वार्ट्झच्या साधनाच्या उलट, काही म्हणता काही टाकवत नाही. पानातले अनोळखी ‘डिव्ह’ आणि त्यांचे वर्ग ते तीन-तीन कोलनांच्या कुंपणात आणि महिरपी कंसांत जपून ठेवतं, आणि पहिल्यांदा वापरणारा माणूस ती कुंपणं पाहून वैतागतो. ती बंद करता येतात. पण मला त्या अडेलपणाचा एकदा फायदा झाला, त्याबद्दल पुढे.

तिसरं नाव टर्नडाउन. डॉम क्रिस्टी यांचं, जावास्क्रिप्टमधलं, त्यामुळे ब्राउझरच्या आतच चालतं. पान आवडलं की एका क्लिकवर ते वहीत साठवणारी जी एक्स्टेन्शन्स आज आहेत त्यांतल्या कित्येकांच्या पोटात हेच आहे. प्रत्येक टॅगसाठी नियम तुम्ही स्वतः लिहू शकता, आणि मला वाटतं खरी शहाणी सोय हीच. टॅगाचं काय करायचं हे ज्याला पान ठाऊक आहे त्याने ठरवावं.

या सगळ्यांना एक गोष्ट आधी करावी लागते: पान नीट वाचणं. एचटीएमएल लिहिणाऱ्यांनी तीस वर्षं टॅग उघडे टाकलेत, उलटसुलट बंद केलेत, आणि ब्राउझरांनी ते निमूट चालवून घेतलंय. कोणत्या चुकीचा काय अर्थ लावायचा हे आता एचटीएमएलच्या मानकातच पायरी-पायरीने लिहिलेलं आहे, म्हणून चांगली साधनं त्या पद्धतीने पानाचं झाड उभं करतात आणि मग झाडावर काम करतात. नुसत्या शोधा-बदलाच्या नियमांनी टॅग काढणारे प्रोग्रॅम मी पाहिलेत, स्वतः लिहिलेतही. यादीच्या आत यादी आली की त्यांचं पितळ उघडं पडतं.

मोकळ्या जागेचा घोळ त्याहून चिवट. एचटीएमएलमध्ये दहा स्पेस म्हणजे एकच स्पेस आणि नवी ओळ म्हणजेही स्पेसच. मार्कडाउनमध्ये मात्र मोकळ्या जागेला अर्थ आहे. रिकामी ओळ परिच्छेद तोडते, सुरुवातीच्या चार स्पेस मजकुराला कोडचा तुकडा बनवतात, ओळीच्या शेवटी दोन स्पेस असतील तर तिथे ओळ तुटते. पान लिहिणाऱ्याने नीटनेटकेपणासाठी दिलेला समास तसाच उतरला तर साधा परिच्छेद कोड होऊन बसतो. त्यात ज्यांनी वर्डमधून मजकूर चिकटवला आहे त्यांच्या पानांत ठळक शब्दाच्या शेवटी स्पेसही ठळक असते. ती तशीच ताऱ्यांच्या आत राहिली की तारे निकामी होतात आणि वाचकाला दिसतात. स्पेस बाहेर काढून मग तारा लावायचा, एवढ्यासाठी प्रत्येक चांगल्या साधनात वेगळा कोड आहे.

उलट अडचणही आहे. मजकुरात मुळातच तारा किंवा हॅश असेल तर तो खूण समजला जाऊ नये म्हणून आधी बॅकस्लॅश टाकावा लागतो. टर्नडाउनच्या लेखकाने कबूल केलंय की त्याचे याबाबतचे नियम जरा जास्तच आक्रमक आहेत. परिणामी मजकुरात कुठेकुठे बॅकस्लॅशची खडी पसरलेली दिसते. चालेल. खूण नसलेलं खूण होण्यापेक्षा ते बरं.

आतापर्यंत जे सांगितलं ते कोणत्याही भाषेला लागू. मराठी मजकुरावर ही साधनं चालवली की वेगळ्याच जागी ठेच लागते, आणि त्याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

मार्कडाउनच्या मूळ वर्णनात संदिग्ध जागा फार होत्या. एकाच फायलीचं दहा प्रोग्रॅम दहा प्रकारे एचटीएमएल करत. म्हणून २०१४ मध्ये मॅकफार्लन, जेफ ॲटवुड आणि इतरांनी कॉमनमार्क नावाचा काटेकोर मसुदा आणला; आज त्यात सहाशेहून जास्त उदाहरणं आहेत. तारे कधी उघडतात आणि कधी मिटतात याचा नियम त्यात असा आहे: मिटणाऱ्या ताऱ्याआधी विरामचिन्ह असेल तर त्याच्यानंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह यायला हवं. इंग्रजीत ते आपोआप येतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. अवतरणातला शब्द ठळक असेल आणि पुढे ‘मध्ये’ लागला असेल, तर कन्व्हर्टर प्रामाणिकपणे **‘दिवाळी अंक’**मध्ये असं लिहितो. शेवटच्या दोन ताऱ्यांआधी अवतरणचिन्ह, नंतर लगेच म. नियमाप्रमाणे हे तारे मिटू शकत नाहीत. वाचकाला चारही तारे जसेच्या तसे दिसतात. शब्दांमध्ये जागा न सोडणारे चिनी आणि जपानी लेखकही याच नियमाने त्रासलेले आहेत. उपाय क्षुल्लक आहे, अवतरणचिन्हं ताऱ्यांच्या बाहेर काढायची: ‘**दिवाळी अंक**’मध्ये. पण तो हाताने करावा लागतो, किंवा नियम लिहून. ताऱ्याऐवजी अधोरेषा वापरणारी साधनं तर मराठीसाठी बादच समजावीत. शब्दाच्या मधोमध अधोरेषेची खूण मुद्दामच बंद ठेवलेली आहे, आणि आपले निम्मे शब्द प्रत्ययासकट असतात.

मग ‘ऱ्या’. दरीचं अनेकवचन दऱ्या, आणि समुद्र म्हणजे दर्या. यातल्या पहिल्या शब्दातला अर्धा र जुन्या युनिकोड मजकुरात बऱ्याचदा साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडणारा वर्ण घालून लिहिलेला असतो. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे प्रोग्रॅम न दिसणारे वर्ण कचरा म्हणून काढून टाकतात. तो काढला की र रफार होऊन य वर चढतो. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना मिळते, आणि शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. त्या मासिकाच्या नंतरच्या, युनिकोडमधल्या अंकांत हे मी डोळ्यांनी पकडलं. एका प्रवासवर्णनात लेखक दर्या उतरून खाली आला होता.

काही जुन्या प्रणाल्यांनी देवनागरीचं प्रत्येक अक्षर आकड्यांत लिहून ठेवलंय. म साठी अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम. युनिकोडच्या आज सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत म तीन बाइटांत मावतो, या आकडेमोडीत त्याला सात लागतात. ‘मराठी’ हा शब्द पंधराऐवजी पस्तीस बाइटांचा होतो. हे आकडे परत अक्षरांत आणणं मात्र सोपं, सगळी साधनं ते बिनचूक करतात.

आकड्यांवरून आठवलं. मार्कडाउनच्या क्रमवार यादीला इंग्रजी अंकच चालतात. परिच्छेद वर्षाच्या आकड्याने सुरू झाला आणि पुढे पूर्णविराम आला की इंग्रजी लेखकाची यादी सुरू होते. ग्रुबर यांनी स्वतःच त्याबद्दल सावध केलं होतं. देवनागरी अंक लिहिणारे आपण त्यातून सुटलो. पण वेबपानावर सीएसएसने देवनागरी अंक लावलेली यादी असेल तर ते अंक मजकुरात नसतातच, ब्राउझर ते वरून रंगवतो. रूपांतरात ते इंग्रजी होतात. नियमावलीत (अ), (आ), (इ) अशी पोटकलमं त्याच पद्धतीने काढलेली असतील तर ती अक्षरं जातात, आणि खाली कुठेतरी ‘वरील खंड (आ) नुसार’ असं वाक्य अनाथ होऊन उरतं. कायद्याचा मजकूर हाताळणाऱ्याने ही एक गोष्ट तरी मुद्दाम तपासावी.

भाषा कोणती हे सांगणारी खूणही जाते. एचटीएमएलमध्ये पानाला किंवा एखाद्या वाक्याला ‘ही मराठी’ असं लेबल लावता येतं. मार्कडाउनमध्ये त्याला जागा नाही. इंग्रजी पानात त्यामुळे काही बिघडत नाही. देवनागरी मराठीत आणि हिंदीत सारखीच दिसते असं ज्यांना वाटतं त्यांनी ल आणि श नीट पाहावेत. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि लेबल पाहून मराठी वळण निवडलं जातं. लेबल गेलं की ल हिंदी होतो. आंधळ्यांसाठी पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही त्याच लेबलावरून मराठी आवाज निवडतो.

तक्त्यांबद्दल थोडक्यात. मूळ मार्कडाउनमध्ये तक्ते नव्हते. ते मिशेल फोर्टिन यांच्या वाढीव आवृत्तीतून आले आणि पुढे गिटहबच्या आवृत्तीमुळे सर्वत्र झाले. एका ओळीत एक आडवी रांग, उभ्या रेघांनी रकाने वेगळे. दोन घरं एकत्र केलेली चालत नाहीत, घरात यादी किंवा दोन परिच्छेद मावत नाहीत. मतदारसंघाचं नाव एकदा लिहून त्यासमोर पाच उमेदवार दिले असतील, तर सपाट करताना नाव एका उमेदवाराला चिकटतं आणि चार बेवारस होतात. काही साधनं नाव पाचदा लिहितात, ते बरं. माझा सल्ला: गुंतागुंतीचा तक्ता एचटीएमएलमध्येच राहू द्यावा. फाइल जरा विद्रूप दिसेल, आकडे तरी शाबूत राहतील.

आतापर्यंत मी असं गृहीत धरलं की पानातला कोणता भाग हवा ते माहीत आहे. प्रत्यक्षात अर्धी लढाई तिथेच असते. मेनू, जाहिराती, ‘हेही वाचा’, तळाचे दुवे, या सगळ्यातून लेख कुठला? आर्क नाइन्टी या न्यूयॉर्कच्या कंपनीने २००९ मध्ये रीडेबिलिटी नावाचा प्रयोग केला. तो परिच्छेदांना गुण देई. मजकूर लांब असेल तर गुण, दुवे जास्त असतील तर उणे, वर्गाच्या नावात ‘साइडबार’ असेल तर उणे, आणि स्वल्पविराम असतील तर गुण. स्वल्पविराम! मेनूत स्वल्पविराम नसतात, लिहिलेल्या गद्यात असतात, इतकं साधं निरीक्षण. सफारीच्या २०१० च्या आवृत्तीतला वाचनकक्ष आणि फायरफॉक्समधला वाचनकक्ष दोन्ही याच कुळातले. त्याच वर्षी क्रिस्टियन कोलशुटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मजकुराची लांबी आणि दुव्यांची दाटी अशा ढोबळ मोजमापांवरही बराचसा कचरा ओळखता येतो. बर्लिनमध्ये एड्रियन बार्बारेसी यांनी लिहिलेलं ट्राफिलातुरा हे साधन आज भाषाभ्यासकांत बरंच वापरलं जातं. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ धातू भोकातून ओढून तार काढणं.

ही सगळी गद्याची मोजपट्टी आहे. फायरफॉक्सच्या साधनात पंचवीस अक्षरांपेक्षा छोटा परिच्छेद हिशोबातच धरत नाहीत. कवितेचं पान, ज्यात प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद म्हणून टाकली आहे आणि स्वल्पविराम कवीने मुद्दाम टाळले आहेत, त्या मापाला मेनूसारखं दिसतं. माझ्या फायलींत कवितांच्या काही पानांवर कविता नव्हती आणि खालचा वर्गणीचा मजकूर तेवढा होता. वर्गणीच्या मजकुरात स्वल्पविराम भरपूर.

परतीच्या वाटेवर सर्वांत काटेकोर काम झालं ते मार्कडाउनच्या चुलतघराण्यात. विकिपीडियाची स्वतःची विकिटेक्स्ट नावाची साधी लिपी आहे. मराठी विकिपीडियाही १ मे २००३ पासून तिच्यावरच चालतो. २०१३ च्या सुमारास वर्डसारखं दिसणारं संपादनाचं साधन आलं तेव्हा प्रश्न उभा राहिला: संपादक एचटीएमएल बदलणार, साठवायचं मात्र विकिटेक्स्ट. पार्सॉइड हा प्रोग्रॅम ते करतो. सुरुवातीला भीती अशी होती की कुणी एक शब्द दुरुस्त करायचा आणि रूपांतरामुळे लेखभर स्पेस, अवतरणं आणि तक्ते थोडेथोडे हलायचे. इतिहासाच्या पानावर एका शब्दाऐवजी शंभर फरक दिसायचे. त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. ज्या भागाला हात लागलेला नाही त्याचं रूपांतर करायचंच नाही, जुना मजकूर जसाच्या तसा परत ठेवायचा.

२०२२ नंतर या आडगावच्या विषयाला एकदम वर्दळ लागली, कारण भाषेची मोठी मॉडेलं. त्यांना वेबपान द्यायचं तर टॅगांसकट दिल्यावर बहुतेक जागा टॅगच खातात, आणि नुसता मजकूर दिला तर मथळा कोणता आणि यादी कुठली ते कळत नाही. मार्कडाउन मधोमध बसतं. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस मार्कइटडाउन नावाचं साधन खुलं केलं, वेबपानाबरोबर वर्ड आणि पीडीएफही घेणारं. कॉमन क्रॉल ही संस्था वेबच्या प्रती साठवते आणि त्यांतला नुसता मजकूरही तयार करून देते. पण २०२४ मध्ये फाइनवेब हा संग्रह करणाऱ्यांनी तो तयार मजकूर बाजूला ठेवून मूळ पानांवर ट्राफिलातुरा चालवलं, कारण त्यातून निघालेला मजकूर त्यांना सरस वाटला. पाखडणाऱ्याचा हात बदलला की दाणे बदलतात, ते असं. जेरेमी हॉवर्ड यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात सुचवलं की संकेतस्थळांनीच आपल्या पानांच्या मार्कडाउन प्रती ठेवाव्यात. म्हणजे पाखडणं मालकाकडे. सूचना शहाणी आहे. जुन्या पानांच्या मालकांचा ठावठिकाणा लागत नाही ही वेगळी गोष्ट.

आणखी एक वाट म्हणजे रूपांतरच मॉडेलकडून करून घेणं. जिना या कंपनीने २०२४ मध्ये त्यासाठी रीडर-एलएम नावाची छोटी मॉडेलं काढली. मी अशा पद्धतीने केलेल्या काही पानांची मुळाशी पडताळणी केली आहे आणि माझं मन अजून धजावत नाही. जुनं साधन चुकतं तेव्हा तारे दिसतात, मजकूर तुटतो, बॅकस्लॅश पडतात; चूक ओरडून सांगते. मॉडेल चुकतं तेव्हा वाक्य गुळगुळीत येतं आणि मुळात नसलेला शब्द त्यात शांतपणे बसलेला असतो. संग्रहाच्या कामात मला आरडाओरड करणारी चूक परवडते.

त्या मासिकाचं काय झालं ते सांगतो. कृतिदेवचं युनिकोड करणारे तक्ते मिळतात, पण नुसता तक्ता लावून भागत नाही. त्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, ‘किती’ म्हणजे एफ, डी, आर, एच. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. शिवाय लेखांत मध्येमध्ये खरी इंग्रजी होती. क्रिकेटवरच्या एका लेखात लेखकाने ‘रन’ हा शब्द रोमनमध्येच ठेवला होता. सरसकट तक्ता लावला तेव्हा त्याचा ‘तनद’ झाला आणि कुणीतरी सत्तावन्न तनद काढून बाद झालं. इंग्रजी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगणारी खूण पानात एकच होती: फाँटचा टॅग. तेव्हा पॅनडॉककडे गेलो. मूळ फायलींत फाँटच्या जागी आधी वर्ग असलेले ‘स्पॅन’ घातले, आणि पॅनडॉकने ते नेहमीच्या हट्टाने चौकोनी आणि महिरपी कंसांत जपून ठेवले. चौकोनी कंसांतला मजकूर तेवढा तक्त्यातून काढला, मग कंस पुसले. प्रत्येक फायलीच्या डोक्यावर तीन ओळी लिहिल्या: मूळ पानाचं नाव, मूळ फाँट, रूपांतराची तारीख. मूळ पानंही शेजारी ठेवली. मथळे, दुवे आणि चित्रं यांची आधीची आणि नंतरची संख्या मोजली. जिथे जुळली नाही ती पानं हाताने पाहिली.

चाळीसेक पानं अजून एचटीएमएलमध्येच आहेत. सगळ्या कविता. त्यांतल्या एकीत ओळी डावीकडून उजवीकडे पायऱ्यांसारख्या उतरत जातात, आणि प्रत्येक पायरीला न तुटणाऱ्या स्पेस मोजून घातलेल्या आहेत: चार, नऊ, चौदा, मग एकदम तीन. मार्कडाउनमध्ये ती नेली की तिचा एकतर कोड होतो नाहीतर सगळ्या ओळी भिंतीला टेकतात. संपादकांना फोन करून विचारलं, त्या तीन स्पेस कवीच्या की टाइप करणाऱ्याच्या? ते म्हणाले, कवी आता नाहीत, टाइप करणाऱ्या बाई सोलापूरला असतात, विचारून सांगतो.